वीस मैलांची चूक

वादळ टळावं म्हणून मेणबत्ती लावणारं माणूस आमच्या पॉईंट सिप्रे गावात घरटी एक सापडेल. वादळ यावं म्हणून लावणारी मला एकच माहीत आहे, ओना शासाँ. वय एकसष्ट, शाळेच्या बसची ड्रायव्हर, बांधा ठेंगणा, आवाज बसच्या मागच्या सीटपर्यंत पोचेल असा. सलग तीन उन्हाळे ती दर रविवारी चर्चच्या डाव्या कोपऱ्यात मेणबत्ती लावत होती. कोणासाठी म्हणून कोणी विचारलं तर "पाहुण्यासाठी" म्हणायची. तो पाहुणा टेक्सास आणि फ्लोरिडाच्या मधल्या आखातातून यायचा होता, ताशी सव्वाशे मैलांचा वारा घेऊन. हे तिच्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं.

मला ठाऊक असायचं कारण असं, की गावच्या वादळ-मंडळाचा रेडिओ मी सांभाळते. पोटासाठी कोळंबीच्या बोटींवरची रडार दुरुस्त करते आणि जून ते नोव्हेंबर संध्याकाळी अग्निशमन केंद्राच्या मागच्या खोलीत मंडळाबरोबर बसते. आम्ही अकराजण. कोणी हवामानशास्त्र शिकलेलं नाही. पण आखातात कुठे ढगांनी गोल धरला की आमची झोप उडते. हवामानखात्याचं विमान वादळाच्या डोळ्यात शिरतं आणि डोळा नेमका कुठे आहे ते कळवतं. त्याला आम्ही ठिपका म्हणतो. ठिपक्याला ठिपका जोडला की रेघ होते, आणि रेघ पुढे ओढली की ती कोणाच्या तरी अंगणात जाते.

जूनपासून किराणा दुकानाच्या तपकिरी कागदी पिशव्यांवर आखाताचा नकाशा छापून येतो. लोक पिशवी फाडून स्वयंपाकघरात टाचतात. बोटींवर असतात तसे दोन्हीकडून बोलायचे रेडिओ पुष्कळ घरांत आहेत. मंडळाचा प्रमुख क्लोव्हिस लज्यून त्यावरून ठिपके सांगतो, आणि साठ-सत्तर घरांतल्या बाया भाजी चिरता चिरता ते पिशवीवर मांडतात. शेवटी क्लोव्हिस आपलं मत देतो. सरकार उन्हाळ्यातून तीनदा "निघा" म्हणतं. त्याने कोणी हलत नाही. क्लोव्हिस म्हणाला तर गाव हलतं. त्याचा बर्फाचा कारखाना आहे, सगळ्या बोटी बर्फ त्याच्याकडूनच घेतात. त्याचा आवाज मऊ आहे आणि घाई त्याला माहीत नाही.

बारा वर्षांपूर्वी कोरा नावाचं हरिकेन आलं. वीज गेली होती, टीव्ही बंद होता, बॅटरीवर चालणारा क्लोव्हिस तेवढा उरला होता. दुपारी तीनला त्याने सांगितलं, "वळलंय. उत्तरेला सरळ जातंय. आपल्यापासून पन्नास मैल पूर्वेला लागेल. आपण डाव्या अंगाला आहोत, पोरांनो. कॉफी टाका." वादळाच्या डाव्या अंगाला वारा जमिनीकडून येतो आणि पाणी उलट समुद्रात ढकलतो. उजव्या अंगाला समुद्र घरात येतो. गाव थांबलं. ओनाचा नवरा एव्हारिस्त गाडीत सामान भरून बसला होता. त्याने सामान उतरवलं आणि बोटीचे दोर बदलायला धक्क्यावर गेला. ओना वरच्या शहरात बहिणीच्या बाळंतपणाला होती. त्या संध्याकाळी कळलं, आम्ही उजव्या अंगाला होतो. बाकीचं गाव शाळेच्या माळ्यावर चढून वाचलं. एव्हारिस्त चौथ्या दिवशी लव्हाळ्यात सापडला.

दफनाला क्लोव्हिस हॅट हातात धरून आला. "वादळाचं काही सांगता येत नाही, ओना," तो म्हणाला. "ऐन वेळी फिरलं."

"कुठे फिरलं?" ओनाने विचारलं. "मला दाखव."

तेव्हा तिला अक्षांश आडवे की रेखांश आडवे हेसुद्धा माहीत नव्हतं. क्लोव्हिसने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ते बसचं स्टिअरिंग नाही, ओना. दाखवण्यासारखं नसतं."

लोकांना ते सांत्वन वाटलं. ओनाने त्या हाताचा डूख धरला.

तिने सहावीचं भूगोलाचं पुस्तक शाळेतून मागून आणलं. मुलं वर्गात असताना ती बसमध्ये बसून अंश आणि मिनिटं पाठ करायची. पुढे विमानांचे संदेश वाचायला शिकली, हवेचा दाब, लाटांमधलं अंतर, सगळं. तीन वर्षांनी येऊन म्हणाली, मला मंडळात घ्या. क्लोव्हिसला बरं वाटलं. त्याला वाटलं असेल, बाई सावरली. तिने आपली खुर्ची त्याच्या बरोबर मागे लावली. पुढे नऊ वर्षं ती तिथेच बसली, डोळे त्याच्या मानेवर. तो ठिपका मांडायचा, ती मांडीवरच्या पिशवीवर तोच ठिपका मांडायची आणि दोन्ही ताडून बघायची. एकदा तो पाच मैलांनी चुकला तर खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाली, "शहाण्णव पॉइंट दोन, क्लोव्हिस. पॉइंट तीन नाही. चष्मा बदल नाहीतर माणूस बदलू."

सगळे हसले. क्लोव्हिसही हसला. पण त्यानंतर तो प्रत्येक ठिपका दोनदा मांडायला लागला. नऊ वर्षांत त्याची रेघ पुन्हा चुकली नाही. लोक त्याला देव मानायला लागले. हे ओनाला दिसत होतं आणि ती आतल्या आत जळत होती.

पिशवी तिला तीन वर्षांपूर्वी मिळाली. क्लोव्हिसच्या भावजयीने गॅरेजातलं जुनं सामान विकायला काढलं होतं. ओनाने कॉफीचे सहा कप घेतले. घरी येऊन कागद सोडले तर चौथ्या कपावरचा कागद म्हणजे कोराच्या वर्षीची नकाशाची पिशवी. त्यावर क्लोव्हिसचं अक्षर, क्लोव्हिसचे ठिपके. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे घेऊन आली आणि बोट ठेवून म्हणाली, "पोरी, तू शिकलेली आहेस. मी वेडी झाले की हे खरं आहे, एवढं सांग."

मला समजायला क्षणभरच लागलं. सरकारी पत्रकात रेखांश दशांशात येतात. विमानाचा कच्चा संदेश त्या काळी अंश आणि मिनिटांत यायचा. क्लोव्हिसने समासात विमानाचा आकडा लिहिला होता: ९२, ५०.  अंशाची साठ मिनिटं. ब्याण्णव अंश पन्नास मिनिटं म्हणजे त्र्याण्णवाच्या जवळ. त्याने ठिपका मांडला होता साडेब्याण्णववर. वीस मैल पूर्वेला. आधीच्या ठिपक्याला तो जोडला की वादळ उत्तरेला वळल्यासारखं दिसतं. खरा ठिपका जोडला तर रेघ सरळ आमच्या धक्क्यावर येते.

"वादळ फिरलंच नव्हतं, मिस ओना," मी म्हटलं. आमच्याकडे थोरल्या बायकांना लग्न झालेलं असलं तरी मिसच म्हणतात.

"हं," ती म्हणाली. पिशवीची घडी घातली. "आता मला एक वादळ पाहिजे."

मला वाटलं ती दुःखात काहीतरी बोलतेय. तिने समजावून सांगितलं, शांतपणे, बसचा रस्ता सांगावा तसं. मंडळात बोलले तर अकरा माणसं ऐकतील आणि गप्प बसतील. चर्चबाहेर बोलले तर म्हातारीची जखम अजून भरली नाही म्हणतील. साठ घरं एका वेळी कान देऊन क्लोव्हिसला ऐकतात ते फक्त हरिकेन दारात असताना. त्याच रेडिओवर त्याने एव्हारिस्तला थांबवलं, त्याच रेडिओवर त्याने सांगायचं. आपल्या तोंडाने.

तीन उन्हाळे कोरडे गेले. वादळं फ्लोरिडाला गेली, टेक्सासला गेली, समुद्रातच विरली. गाव देवाचे आभार मानत होतं आणि ओना मेणबत्त्या लावत होती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लिओनी आली.

बुधवारी सकाळी शाळा बंद झाली. ओनाला बस म्हाताऱ्यांना न्यायला दिली होती, ती केंद्रासमोर उभी करून आत आली. बाहेर अजून ऊन होतं. ओढ्याचं पाणी मात्र वारा नसताना हातभर चढलं होतं. साडेदहाला विमानाचा ठिपका आला. क्लोव्हिसने मांडला. मागे ओनाने मांडला. क्लोव्हिसने पट्टी ठेवून रेघ ओढली, ती गावाच्या थोडी पश्चिमेला लागली. आम्ही उजव्या अंगाला होतो. सरकारी अंदाज तीस मैल आणखी पश्चिमेला म्हणत होता, लोक त्याच्याच भरवशावर घरात बसले होते.

"निघायला सांगतो," क्लोव्हिस म्हणाला आणि त्याने माइक ओढला.

ओनाने माइकवर तळहात ठेवला. दुसऱ्या हाताने टेबलावर पिशवी उलगडली.

खोलीत आम्ही तिघंच होतो. बाकीचे आपापल्या घरच्यांना गाडीत बसवायला गेले होते. क्लोव्हिसने आपलं अक्षर ओळखलं.

"कुठे मिळाली?"

"तुझ्या भावजयीच्या कपांना गुंडाळली होती. कप चांगले आहेत. रोज त्यातच कॉफी पिते."

"ओना, आत्ता नको. आधी लोकांना बाहेर काढू दे. नंतर तू म्हणशील तिथे येऊन म्हणशील ते बोलेन."

"नंतर लोक चिखल काढतात, क्लोव्हिस. रेडिओ ऐकत बसत नाहीत."

"तू हे बोललीस तर माझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. लोक घरात बसतील. तुला कळतंय का काय करतेयस?"

"त्या वेळी तुझ्यावर विश्वास ठेवून बसले. आज न ठेवून बसतील." तिने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली. "मी सांगितलं तर बसतील. तू स्वतः सांगितलंस तर कदाचित उठतील. ही कॉफी संपेपर्यंत तुला वेळ आहे. गरम आहे, सावकाश पिईन."

क्लोव्हिसने माझ्याकडे बघितलं. "तू तरी सांग तिला."

मी उठून माइक हिसकावू शकले असते. रेडिओ माझा होता. पलीकडे साठ घरं वाट बघत होती आणि पाणी चढत होतं. मी उठले नाही. का, ते मी स्वतःला अजून विचारते. एवढं आठवतं की मलाही ऐकायचं होतं.

ओना खरोखरच सावकाश पीत होती. फुंकर घालून.

क्लोव्हिसने माइकचं बटण दाबलं.

"मी क्लोव्हिस. लिओनी आपल्याकडे येतेय. आपण उजव्या अंगाला आहोत. सगळ्यांनी निघा, दुपारी दोनच्या आत." तो थांबला. बटण सोडलं नाही. "आणखी एक आहे. कोराच्या वेळी मी वळलंय म्हटलं होतं. ते वळलं नव्हतं. मी मिनिटं दशांश म्हणून मांडली. वीस मैलांची चूक. एव्हारिस्त शासाँ माझं ऐकून थांबला होता."

ओनाने झाकण खाली ठेवलं. मला वाटलं, झालं. बारा वर्षांचं उट्टं निघालं.

पण क्लोव्हिस बोलतच होता, डोळे पिशवीवर ठेवून. "पाच वाजता पुढचा ठिपका आला तेव्हा मला कळलं. रस्ता सातपर्यंत उघडा होता. मी सांगितलं नाही. लाज वाटली. वाटलं, दारात पाणी बघून जातील आपापले. आज मला लाज वाटत नाहीये, म्हणून सांगतो, निघा."

हे ओनाला माहीत नव्हतं. पिशवीवर ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी तिच्याकडे बघायचं टाळलं, पण दिसलंच. तिचा चेहरा हलला नाही. ओठ तेवढे पुटपुटले. पाच, सात. दोन तास. एव्हारिस्त धक्क्यावर होता आणि धक्का इथून चालत दहा मिनिटांवर आहे.

रेडिओ खरखरला. मग एक बाई म्हणाली, "आम्ही निघतोय, क्लोव्हिस." आवाजात काही नव्हतं, ना राग, ना आभार. मग दुसरं घर. मग चार-पाच एकदम. कोणीतरी शिवी हासडली आणि म्हणालं, "निघतोय." मी यादीवर खुणा करत गेले. पाऊण तासात एकच घर उरलं.

"मी प्लासीद," एक घोगरा आवाज आला. गावातल्या म्हाताऱ्यांना आम्ही नाँक म्हणतो, म्हणजे काका. नाँक प्लासीद चौऱ्याऐंशी वर्षांचा, दलदलीच्या रस्त्याच्या टोकाला एकटा राहायचा. "क्लोव्हिस, तेव्हा चुकलास तर आज चुकला नाहीस कशावरून? सरकार म्हणतंय पश्चिमेला जाणार. मी बसमध्ये कंबर मोडून घेणार आणि वादळ टेक्सासला जाणार. मी थांबतो. तुझा बर्फ तुझ्याकडे ठेव."

क्लोव्हिसने पुन्हा पुन्हा हाक मारली. म्हाताऱ्याने रेडिओ बंद केला होता.

"बघितलंस?" क्लोव्हिस म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "हेच म्हणत होतो मी."

ओना उठली आणि तिने किल्ल्या घेतल्या. "पोरी, चल. बस मागे घेताना खूण करायला माणूस लागेल, पाण्याखाली रस्ता दिसायचा नाही."

दलदलीच्या रस्त्यावर पाणी चाकाच्या अर्ध्यापर्यंत होतं. वाटेत घरोघरून घेतलेली सतरा म्हातारी माणसं बसमध्ये बसली होती. सगळ्यांनी रेडिओ ऐकला होता. ओनाने बस प्लासीदच्या पायरीला लावली. तो ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर कोंबडीचा पिंजरा.

"आलीस," तो म्हणाला. "वाटलंच होतं. मी नाही येत."

"का?"

"ज्याने तुझा नवरा मारला त्याच्या रेघेवर मी घर सोडू?"

ओना पायरीवर उभी राहिली. पाणी तिच्या बुटांना लागत होतं. तिला बोलायला जड जात होतं हे मला मागून दिसत होतं. 

"रेघ बरोबर आहे," ती शेवटी म्हणाली.

"कोणाची?"

"क्लोव्हिसची." ते नाव तिने कडू गोळीसारखं बाहेर टाकलं.

"तू सांगतेस हे? तू?"

"मीच सांगू शकते. नऊ वर्षं त्याच्या मागे बसले, नाँक. एकेक ठिपका तपासला. तो चुकावा म्हणून वाट बघत होते. रोज. चुकला असता तर मी नाचले असते. आजही तपासला. बरोबर आहे."

म्हाताऱ्याने तिच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "चुकावा म्हणून?"

"हो."

"मग खरं असेल." तो कुरकुरत उठला. "माया असली की माणूस तपासताना डोळा मिटतो. कोंबडी घे. चोच मारते, सांभाळ."

परत केंद्रावर आलो तेव्हा ऊन गेलं होतं आणि पहिल्या सरीचा मारा सुरू झाला होता. क्लोव्हिस रेडिओ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दारात उभा होता. त्याची गाडी त्याने मघाशीच एका कुटुंबाला देऊन टाकली होती. गावातून निघणारं शेवटचं वाहन म्हणजे ओनाची बस.

ओनाने दार लगेच उघडलं नाही. काचेतून बघत राहिली. वायपर इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे. मी मोजत नव्हते, पण पुष्कळ वेळा गेले. बसमध्ये सतरा अधिक एक म्हातारी माणसं आणि कोंबडी, कोणी म्हणालं नाही की उघड. क्लोव्हिसनेही दार ठोठावलं नाही. पाऊस त्याच्या हॅटच्या कडेवरून गळ्यात उतरत होता.

"मिस ओना," मी म्हटलं. "रस्ता जाईल."

"सातपर्यंत उघडा असतो," ती म्हणाली.

मग तिने दार उघडलं.

क्लोव्हिस वर चढला आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटकडे वळला.

"तिथे नाही," ओना म्हणाली. "पार मागे."

तो दोन्ही बाजूंच्या माणसांमधून मागे गेला. कोणी पाय आखडून वाट दिली, कोणी दिली नाही. प्लासीदने पिंजरा मधेच ठेवला होता, तो त्याने ओलांडला. ओनाने बस वळवली, मोठ्या रस्त्याला लावली. वारा बसला बाजूने ढुशा देत होता आणि ती दोन्ही हातांनी चाक धरून होती.

पुलावर पोचल्यावर क्लोव्हिस मागून म्हणाला, "ओना, दार उघडलंस. उपकार झाले."

"तुझ्यासाठी नाही उघडलं." तिने आरशात बघितलं. मागच्या सीटपर्यंत जाणारा आवाज तिने वापरलाच नाही, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "वरच्या शहरातल्या शाळेच्या निवाऱ्यात आपल्या आणि आजूबाजूच्या गावांची चारशे माणसं आहेत. त्यांच्यातल्या पुष्कळांकडे रेडिओ नव्हता. जेवणाच्या वेळी सगळी एका हॉलमध्ये असतील. खुर्चीवर उभा राहा आणि पुन्हा सांग. वीस मैल सांग. आणि पाच वाजता कळलं होतं, तेही सांग."

क्लोव्हिसने ओली हॅट काढून मांडीवर ठेवली.

"क्लोव्हिस."

"सांगतो," तो म्हणाला.

"उद्या नाश्त्यालाही सांगशील," ओना म्हणाली, आणि गिअर बदलला. "काही लोक रात्री उशिरा पोचतील."